डोंग्यातली रिकामी जागा

आमच्या अमरावतीच्या कॉलनीत तुम्ही हातात पुस्तक घेऊन ओसरीत बसलात, की हनीफचाचा फाटक उघडून आत येणार आणि विचारणार, "कुठवर गेली गाडी?"

पानाचा आकडा सांगावाच लागतो. मग चाचा शर्टाच्या खिशातून कापडाची एक पट्टी काढतात, त्या पानात ठेवतात आणि पुस्तक मिटून परत देतात. "घ्या तिकीट. उतरेपर्यंत सांभाळा." चाचा एसटीत कंडक्टर होते. सगळा जन्म अकोट गाडीवर गेला. आता रिटायर झालेत, तरी बोलता बोलता हात खांद्यावरची बॅग चाचपतो.

पट्टी म्हणजे त्यांनी स्वतः भरलेली वाचनखूण. मॅटीचं कापड, त्यावर फुलीचे टाके. एवढा मिशाळ, धिप्पाड माणूस निंबाखाली खाट टाकून, नाकाच्या टोकावर चष्मा घेऊन फुल्या घालतोय, हे बघायला लोक मुद्दाम आमच्या गल्लीतून जातात. कोणी म्हणतं, "काय चाचा, रुखवताची तयारी का?" चाचा मान वर करत नाहीत. "पुढं सरका, पुढं सरका," एवढंच.

चित्र कायम एकच, होडीचं. पण ती होडी आहे हे फक्त चाचांना ठाऊक. मला ती कलिंगडाची फोड वाटली होती, शेजारच्या देशमुखकाकूंना इस्तरी. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, तुमी शाळेत पोट्ट्याइले शिकोता, अन् डोंगा नाही समजत तुमाले?"

नीट पाहिलं तर होडीत वल्हं धरलेला एक माणूस असतो आणि त्याच्या शेजारी कापडाचा कोरा चौकोन. प्रत्येक खुणेत. मी म्हटलं, "चाचा, हे भरायचं राहिलं."

"राह्यलं नाही. ठेवलं आहे."

बरं, खूण देऊन सुटका नाही. अधूनमधून तपासणी असते. "डोंगेवाला आला का कुठं?" आला नसेल तर त्या पुस्तकात चाचांना काडीचा रस नाही. देशमुखकाकूंच्या लोणच्यांच्या पुस्तकालाही त्यांनी सोडलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "अहो, कैरीच्या लोणच्यात नावाडी कसा येईल?" चाचा शांतपणे म्हणाले, "पाहून घ्या. काई सांगता येत नाही."

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपार अशी, की रस्ता, निंब, कुत्री, सगळं अर्धवट झोपेत. कूलरमधून वाळ्याचा गारवा येत होता. चाचा दाराशी बसून टाके घालत होते. मी सहज विचारलं, "चाचा, काहून शोधता हा डोंगेवाला?"

सुई थांबली.

"नजमा सांगे," चाचा म्हणाले. नजमाचाची, त्यांची बायको. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. "मले सुट्टी असली का ती दुपारी अशाच खुणा भरत बसे, अन् वाचलेली गोठ सांगे. एक डोंगेवाला असते. साऱ्या जगाले इकडून तिकडं नेऊन सोडते. त्याची बायको रोज काठावर उभी राह्यते. म्हणते, एकडाव मलेबी ने त्या काठाले. तो म्हणते, उद्या."

"मग?"

"मग मले झोप लागे. दर खेपेले तिथंच. ती गेली, अन् शेवट राह्यला. पुस्तक मराठी होतं का उर्दू, तेबी म्यां नाही विचारलं." चाचांनी हातातला चौकोन बोटानं चाचपला. "तिचीच एक खूण उसवून मी टाके शिकलो. म्हटलं, वाचणाऱ्याइच्या घरी जात राहू, कोनाच्या तरी पुस्तकात भेटन तो. नेलं असन त्यानं तिले, तर बसोतो तिले त्याच्या बाजूले. नसन नेलं तर खोटं काहून भरू?"

नजमाचाची मला चांगल्या आठवतात. संध्याकाळी अकोट गाडी यायच्या वेळेला फाटकाशी उभ्या असायच्या. एकदा आईला म्हणाल्या होत्या, एवढं जवळ चिखलदरा, पण पाहणं काही झालं नाही. असं पुस्तक कुठल्याच भाषेत नव्हतं, हे मला त्या दुपारीच कळलं.

चार दिवसांनी फाटक वाजलं. "कुठवर गेली गाडी?"

"डोंगेवाला भेटला, चाचा," मी म्हटलं. "शेवटी नेतो तो तिला. बसवा तुम्ही."

जो माणूस पानाचा आकडा घेतल्याशिवाय हलत नाही, त्यानं त्या दिवशी पान विचारलं नाही. पुस्तकाचं नावही नाही. सरळ पायरीवर बसला आणि खिशातून खूण काढली.

"सुई ओवून दे, बेटा. मले बराबर दिसून नाही राह्यलं."

"कोणता रंग घेऊ?"

"हिरवा," चाचा म्हणाले. "साडी हिरवी होती तिची. कोरीच राह्यली. चिखलदऱ्याले जाऊ तवा नेसीन, म्हणे."