पावणेदोन वीत

प्रेमदासनं बापाचं माप घ्यायला टेप काढली आणि नानाजी उठून उभे राहिले. टेपचा मान राखायला नव्हे, नेमका त्याच वेळी दारावरून पोस्टमन गेला म्हणून. नानाजींचं हे असंच होतं. मोतीलालशेठच्या कापसाच्या गोदामात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं बोजे उचलले होते. शेठ, मुनीम, मास्तर, कोणीही दिसलं की ताडकन उठायचं, ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती. मागल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यांनी धम्मदीक्षा घेतली, घरातले जुने देव निघाले, मन मोकळं झालं; गुडघ्यांना मात्र अजून खबर लागली नव्हती.

प्रेमदासच्या जिवाला हे फार लागायचं. आपला बाप एकदा तरी कोणाच्या समोर ऐसपैस बसलेला त्याला बघायचा होता. तो सिंदीच्या जिनिंगमध्ये फिटर होता. तिथल्या वर्कशॉपात नुकतीच विजेवर चालणारी करवत आणि ड्रिल मशीन आली होती. मॅनेजरच्या बंगल्याच्या पडवीत गोऱ्या साहेबाच्या काळातली एक खुर्ची होती. गोल वळलेले हात, मागे झुकलेली पाठ. तशीच खुर्ची बापासाठी करायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. सागवान कुठून आणणार? पण मोतीलालशेठच्या किराणा दुकानामागे चहाच्या रिकाम्या पेट्या पडून असायच्या. त्यांचं प्लायवूड पातळ, पण मोठं चिवट. शेठनं काही न विचारता त्या देऊन टाकल्या.

राहता राहिलं माप. पोस्टमन गेल्यावर त्यानं पुन्हा टेप पुढे केली.

"टेप काऊन लागते?" नानाजी म्हणाले. "माही बैठक पावणेदोन वीत हाये. कापसाच्या गठाणीवर बसता बसता कितीकदा मोजली."

प्रेमदास सातवी पास होता. वीत म्हणजे नऊ इंच, हे त्याला चांगलं पाठ होतं. म्हणजे पावणेसोळा इंच. विजेच्या करवतीला अंदाजपंचे चालत नाही, म्हणून त्यानं अगदी रेघेवर कापलं. थरावर थर चिकटवले, शिकंज्यात दाबून वाकवले, ड्रिलनं भोकं पाडून स्क्रू पिळले आणि वर पॉलिश चढवलं. पाठीवर चहाच्या कंपनीची दोन काळी अक्षरं तेवढी राहिली. ती नक्षी आहे असं त्यानं ठरवून टाकलं.

रविवारी खुर्ची डोक्यावरून घरी आली. त्याची बायको धुरपता तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अरुंद दिसून राह्यली."

"मशीनवर कापली हाये," प्रेमदास म्हणाला. मशीनचं नाव निघाल्यावर धुरपतानं पदरानं खुर्ची पुसायला घेतली.

नानाजी काही बसायला तयार होईनात. खुर्ची साहेबाची, आपलं बूड जमिनीचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी धुरपतानं दार लोटून घेतलं आणि कोणी बघत नाही म्हटल्यावर ते कसेबसे टेकले. प्लायवूड कुरकुरलं, खुर्चीचे दोन्ही हात जरासे फाकले, नानाजी आत सरकले आणि हातांनी त्यांना दोन्हीकडून घट्ट धरलं.

"बाबा, कसं वाटते?"

"बेस वाटते. आता उठू दे."

नानाजी उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली.

प्रेमदासचं लक्ष तेव्हा कुठे बापाच्या पंजाकडे गेलं. जन्मभर बोजे उचललेला तो पंजा पसरला की जेवणाची थाळी झाकायचा. नानाजींची वीत ही नानाजींची वीत होती, पुस्तकातली नव्हे. आता स्क्रू खोलल्याशिवाय सुटका नव्हती, आणि पेचकस राहिला होता जिनिंगमध्ये. तो चप्पल शोधत होता, तोच बाहेरून हाक आली, "प्रेमदास, हायेस का घरी?"

आवाज मोतीलालशेठचा होता. या घराच्या उंबऱ्याशी शेठ आजवर कधी आले नव्हते. खुर्चीसकट परत टेकलेल्या नानाजींचे गुडघे आपोआप ताठ झाले, खुर्चीचे मागचे पाय अधांतरी झाले. प्रेमदासनं दोन्ही खांद्यांवर हात ठेवून बापाला खाली दाबलं आणि फोटो काढायला उभं राहावं तसा मागे उभा राहिला.

शेठ आत आले. बसलेल्या नानाजींकडे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बाबाची कमर धरली, शेठजी," प्रेमदास घाईनं म्हणाला. "उठता येऊन नाई राह्यलं." यातलं निदान दुसरं वाक्य तरी खरं होतं.

घरात बसायला दुसरं काही नव्हतं. धुरपतानं चटई टाकली आणि शेठ खाली बसले. गादीवर मांडी घालून घालून त्यांचेही गुडघे गेले होते, डॉक्टरनं खुर्ची सांगितली होती, आणि आपल्याच पेट्यांची खुर्ची झाल्याचं ऐकून ते आपल्यासाठी एक करायला सांगायला आले होते. बोलताना त्यांना मान वर करावी लागत होती. नानाजी आधी घामाघूम झाले, मग हळूहळू कापसाच्या भावावर बोलू लागले. धुरपतानं चहा पुढे केला. शेठनं कप हातात घेतला, जरा वेळ त्याकडे बघितलं आणि पिऊन टाकला. छप्पर काही कोसळलं नाही.

शेठ गेल्यावर पेचकस आला, नानाजी सुटले. प्रेमदासला फार शरम वाटली. या खेपेला त्यानं बापाचाच पंजा फळीवर पसरून रेघ मारली आणि खुर्ची रुंद करून आणली. नानाजी तिच्यात बसायचे, पण दारावरून कोणी गेलं की ताडकन उठायचे, तेव्हा प्रेमदासनं आशा सोडून दिली.

पंधरवड्यानं शेठ आपल्या खुर्चीची चौकशी करायला आले. प्रेमदास आतून बघत होता. नानाजी खुर्चीत बसले होते. शेठ दिसताच त्यांचे गुडघे हलले. मोठाले पंजे खुर्चीच्या हातांवर दाबले गेले, आता ते उठणार, असं प्रेमदासला वाटलं. मग पंजे सैल पडले.

"काय नानाजी," शेठनं आपुलकीनं विचारलं, "कमर अजून धरलेलीच हाये का?"

"नाई शेठजी," नानाजी म्हणाले आणि पाठ मागे टेकली. "कमर एकदम मोकळी हाये. धुरपता, शेठजीले चटई टाक."