येथे थांबा

रेघोबाने घरी आल्या आल्या जाहीर केलं, की टेकडीवरच्या आपल्या वसाहतीत आता बस येणार म्हणजे येणारच! उपनगर परिवहन कार्यालयात तो दिवसभर नकाशावर बसमार्गांच्या रेघा ओढायचा, म्हणून हे नाव. बायको म्हणाली, आधी बूट काढ. सासूबाईंनी मात्र हातातलं विणकाम खाली ठेवलं.

त्यांच्या गुडघ्यांना रोज सकाळी दवाखान्यात जाऊन व्यायाम करावा लागे, आणि टेकडी उतरायची तर जावयाच्या गाडीवाचून गत्यंतर नव्हतं. दोन वर्षं त्या मागच्या सीटवर कानकोंड्या होऊन बसत होत्या. माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतो हो, असं रोज म्हणायच्या, आणि रेघोबाला रोज तितकंच वाईट वाटायचं.

पण आता पुरावाच हातात होता. दोनदा परत आलेल्या त्याच्या आराखड्यावर, बरोबर टेकडीच्या जागी, साहेबांनी लाल पेनाने स्वतः लिहिलं होतं, "येथे थांबा." साहेब त्याच दिवशी पंधरा दिवसांच्या रजेवर गेले. रेघोबा कसला थांबतोय! दहाव्या दिवशी खांब रोवला, त्यावर पाटी, पाटीखाली बाक. बढतीचा अर्जही लगोलग लिहून टाकला.

साहेबांना खरं तर म्हणायचं होतं, की निधी संपला, पुढे रेघ ओढू नका, इथेच थांबा. पण कागदावर डोळे वटारता येत नाहीत ना!

रजेवरून येताच त्यांनी रेघोबाला केबिनमध्ये उभं करून सोलून काढलं. बस नाही, बसला निधी नाही, आणि खांब मात्र उभा! त्यातून निधी मंडळाची माणसं गावभर मोजणी करत फिरतायत. ज्या थांब्यावर सकाळच्या तासात लागोपाठ तीन दिवस तीस माणसं दिसतील, त्या मार्गाला पैसे मिळणार. त्यांनी हा बिनबसचा थांबा पाहिला तर सगळ्यांचीच शोभा होईल. उद्या सकाळी खांब उपटा, असा हुकूम झाला.

रेघोबा दोन मजूर आणि पहार घेऊन टेकडीवर पोचला, आणि जागच्या जागी खिळला. खांबापासून वळणापर्यंत रांग लागली होती. रांगेच्या तोंडाशी, बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन सासूबाई! चार दिवस त्या गाडीला नको म्हणत होत्या. याला वाटलं, गुडघे सुधारले, आणि हा रांग लागण्याआधीच कार्यालय गाठू लागला होता. त्या मात्र सगळ्या वसाहतीला सांगत सुटल्या होत्या, माझ्या जावयाने थांबा आणलाय, बस येणारच. तासभर वाट पाहून त्या घरी परतायच्या, बाकीचे लोक पायी उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना घेऊन यायचे.

रेघोबाचा चेहरा पार उतरला. "आई, बस नाहीये," तो हळूच म्हणाला. "माझी वाचण्यात चूक झाली."

सासूबाईंनी वर पाटीकडे पाहिलं. "थांबा लिहिलंय ना? आम्ही थांबलोय. आता तुमचं काय ते तुम्ही बघा."

मजुरांनी पहार खाली ठेवली. तेवढ्यात रांगेच्या मागून एक चष्मेवाले गृहस्थ वही मिटत पुढे आले. ते मंडळाचे मोजणीदार, आणि आज त्यांचा तिसरा दिवस. सदुसष्ट, ते म्हणाले, अख्ख्या उपनगरात एवढी रांग कुठे नाही. असणार कशी? बाकीच्या थांब्यांवर बस येऊन माणसं घेऊन जात होती!

महिन्याभरात निधी आला आणि पाठोपाठ बस आली. पहिल्याच फेरीला सासूबाई ऐटीत पुढच्या सीटवर बसल्या. मागे गाडीत अडकलेल्या जावयाला त्यांनी खिडकीतून हात केला. रेघोबाला कार्यालयात पोचायला अर्धा तास उशीर झाला, पण आयुष्यात एवढा गोड उशीर त्याला कधी झाला नव्हता.

टेबलावर त्याचा बढतीचा अर्ज परत आला होता. त्यावर साहेबांनी लाल पेनाने एकच शब्द लिहिला होता, "थांबा."

या वेळी त्याने तो बरोबर वाचला.