श्रीखंडाचा डबा म्हणतो, पाणी आलं!

ज्युनिअर मंडळी, कान इकडं करा! शेवटच्या वर्षाचा कॉम्प्युटर प्रोजेक्ट एकटीनं, कुणाच्याही मदतीशिवाय कसा करावा, हे या कॉलेजात छातीठोकपणे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. ती म्हणजे मी, विशाखा! बाकी सगळ्यांनी चौघाचौघांचे गट केले. मी नाही केला. गटात काय चालतं ते मला पक्कं ठाऊक आहे. एक जण कोड लिहितो, दुसरा चहा सांगतो, तिसरा तो पितो आणि चौथा तोंडी परीक्षेच्या दिवशी विचारतो, "आपल्या प्रोजेक्टचं नाव काय रे?"

शिवाय चोरीची भीती. माझा स्वभाव संशयी आहे असं लोक म्हणतात, पण मला ते लोकच संशयास्पद वाटतात. आमच्या वर्गातला शिवराज माझ्या बाकामागून जाताना मान अशी लांब करायचा की बस्स! म्हणून मी लॅपटॉपवर ओढणी टाकून, त्या ओढणीत डोकं घालून कोड लिहायचे. लॅबमध्ये सगळ्यांना वाटायचं, मला सर्दी झालीय आणि मी वाफ घेतेय.

आमचे गाईड मुनीब सर. भला माणूस. ते म्हणाले, "बेटा, अकेले करना है तो करो. मगर टेस्टिंग दूसरे के हाथ से करवाना. खुद का लिखा कोड औलाद के जैसा रहता, ऐब दिखतेच नै!"

मी मान डोलावली. मनात म्हटलं, सर असं का म्हणतायत? 'दूसरा' म्हणजे कोण? शिवराज तर नाही? सरांनाही मी संशयितांच्या यादीत टाकलं.

आता प्रोजेक्ट ऐका. आम्ही राहतो पुंडलिकनगरला. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते जुन्या पाहुण्यासारखं. कधी येणार ते कळवत नाही आणि आपण घरात नसताना हटकून येतं. एकदा चुकलं की पुढचे कितीतरी दिवस दुसऱ्याच्या दारात हंडा घेऊन उभं राहा. म्हणून मी ठरवलं, नळाच्या पाइपात एक बारकं पातं बसवायचं. पाणी वाहिलं की पातं फिरणार आणि पातं फिरलं की माझ्या मोबाईलवर मेसेज येणार, "पाणी आलं!" की मी आईला फोन करणार. आहे की नाही डोकं?

पातं आणलं, सर्किट जोडलं, ते सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवलं, वरून काळी टेप गुंडाळली आणि अंगणातल्या नळाच्या खड्ड्यात डबा लावून टाकला. डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला.

"हे काय गं?" आई म्हणाली.

"हळू बोल! हा माझा प्रोजेक्ट आहे. पाणी आलं की हा डबा मला सांगणार आणि मी तुला. पण कुणाला सांगायचं नाही. आणि फोनवर तर डब्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आयडिया चोरणारे टपलेत!"

आईनं डब्याकडं असं पाहिलं, जसं ती फुकट मिळालेल्या साबणाकडं बघते. "श्रीखंडाच्या डब्यावर माझा भरवसा नाय."

"आई, हे विज्ञान आहे!"

"असंल. पण डबा श्रीखंडाचाच हाय ना?"

इतक्यात शेजारच्या लक्ष्मीकाकू भिंतीवरून डोकावल्या. त्यांच्या आणि आमच्या नळात जेमतेम भिंतीचं अंतर. "विशाखे, खड्ड्यात काय पुरलंस गं? लाल डोळा कशाचा हाय त्याला?"

"काही नाही काकू, सहज."

"सहज कुणी डबा पुरतंय व्हय?" काकू पुटपुटत आत गेल्या. बघा, मी म्हटलं, सुरू झाली टेहळणी!

इथं तुम्हाला आमच्या गल्लीची एक रीत सांगितली पाहिजे. नळाच्या लाइनीला मोटर लावून पाणी ओढायचं नाही, असा नियम आहे. त्यामुळं आमच्या गल्लीत कुणाकडंच मोटर नाही. पाणी आल्यावर घरोघर जो घुंऽऽ आवाज येतो, तो सगळ्यांच्या मिक्सरचा! आमच्याकडंही मोटर नाही. ती गव्हाच्या रिकाम्या पोत्याखाली झाकून ठेवलेली असते.

झालं! दुसऱ्या दिवशी कॉलेजात डबा खाऊन हात धुतेय, तोच मोबाईल वाजला. "पाणी आलं!"

काय सांगू तुम्हाला! मी कँटीनमध्ये उडीच मारली. लगेच घरी फोन. "आई, पाणी आलं! ड्रम काढ!"

"नाय आलं," आई म्हणाली. "थेंब नाय."

"नीट बघ!"

"आत्ताच बघितलं की!"

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, पुन्हा तेच. "पाणी आलं!" आईला फोन. "थेंब नाय." तिसऱ्या दिवशीही तेच. रोज दुपार झाली की डबा म्हणतोय आलं आणि आई म्हणतेय नाही!

आता, कोड चुकलाय का? छे! कोड मी लिहिला होता. म्हणजे कुणीतरी घातपात करत होतं. पहिला संशय शिवराजवर. मी त्याला जिन्यात गाठलं.

"मला खोटे मेसेज पाठवतोस?"

"मी?" शिवराज चार पायऱ्या मागं सरकला. "अगं, तू मला नंबर तरी दिलायस का कधी?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी पासवर्ड बदलला. पासवर्ड इतका अवघड ठेवला की संध्याकाळी मलाच आठवेना आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागलं. पण मेसेज? दुसऱ्या दुपारी हजर!

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाणी खरंच येत असणार! आणि आमच्या नळाजवळून ते कुणीतरी परस्पर ओढून नेत असणार! म्हणून पातं फिरतं आणि आईला थेंब दिसत नाही. आणि आमच्या नळाला खेटून नळ कुणाचा? लक्ष्मीकाकूंचा! लाल डोळ्याची चौकशी करत होत्या ना? चोराच्या मनात चांदणं!

रविवारी मी भिंतीला वाटी लावून, वाटीला कान लावून बसले. समोरच्या घरातले साहेबराव काका फाटकात खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांनी विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"चोरी!" मी म्हटलं.

बस! काकांनी हातातला पेपर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि गल्लीभर बातमी केली. पाच मिनिटांत अख्खी गल्ली आमच्या दारात. लक्ष्मीकाकू पदर खोचून बाहेर आल्या.

"कोण म्हणतंय मी पाणी चोरते?"

"माझा डबा म्हणतो!" मी ठणकावून सांगितलं. "रोज दुपारी तुम्ही मोटर लावता!"

मोटर हा शब्द असा भर गल्लीत कुणी उच्चारत नाही. गर्दी निम्मी झाली. काकू मात्र हटल्या नाहीत. "माझ्या घरात मोटर नाय! कधीच नव्हती! मी बादलीनं भरते, कंबर मोडस्तोवर! ये, बघ घर! माळा बघ, न्हाणी बघ, देव्हारा बी बघ!"

आणि मी बघितलं हो! पलंगाखाली वाकून एका गोल वस्तूवरची चादर ओढली, तर गॅसचं सिलिंडर निघालं.

"सापडली ना मोटर?" काकू म्हणाल्या. "लाव की! लावून दाखव!"

गल्ली हसली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते आणि तेही मला नाटकच वाटलं. मी घरी येऊन आईला म्हटलं, "काकूंचं माहेर गंगापूरचं. मोटर तिकडं पोचती केली असणार."

"असंल बाई," आई म्हणाली. "लोकांचं काय सांगावं." आणि तिनं आमच्या मोटरीवरचं पोतं नीट केलं.

मग आला तोंडी परीक्षेचा दिवस. प्रोजेक्टमध्ये नापास म्हणजे वर्ष गेलं. गटातल्या पोरांना निदान एकमेकांकडं बोट दाखवायची सोय असते. मला दाखवायला माझंच बोट! बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे चष्म्याच्या वरून बघणारा, माझ्याहून संशयी माणूस. त्यांनी रोज पाणी कधी आलं त्याचा माझा आलेख बघितला, मग मला बघितलं, पुन्हा आलेख बघितला.

"राहायला कुठं?"

"पुंडलिकनगर, सर."

"मी शेजारच्याच कॉलनीत राहतो," ते म्हणाले. "आमच्याकडं पाण्याची वाट बघून डोळे शिणलेत आणि तुमच्या आलेखात रोज दुपारी पाणी? ही आकडेवारी घरी बसून बनवलेली आहे. खोट्या आकडेवारीला मी पास करत नसतो."

 मुनीब सर पटकन म्हणाले, "सर, बच्ची मेहनती है."

"मेहनत दिसतेच आहे. इतकं खोटं लिहायला मेहनत लागतेच."

"सर, खोटं नाही!" माझा आवाज चिरकला. "आमची शेजारीण पाणी चोरते! आत्ता दुपारच आहे. थोडं थांबा, मेसेज येईल!"

आम्ही तिघं टेबलावरच्या मोबाईलकडं बघत बसलो. दाराच्या फटीतून शिवराज बघत होता. आणि वाजला! "पाणी आलं!"

"बघा!" मी ओरडले. "आत्ता चोरी चालू आहे! साक्षीदार आहे माझ्याकडं!" मी आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "आई, पटकन सांग! आत्ता, या क्षणाला, कुणाची मोटर चालू आहे?"

पलीकडून घुंऽऽ असा आवाज आला.

"जोरात बोल!" आई ओरडली. "मोटर चालू हाय, ऐकू येईना!"

"कुणाची?"

"कुणाची म्हंजे? आपली!"

परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"आई... पाणी नसताना आपली मोटर कशाला लावलीस?"

"तुझा डबा खरं बोलतो का बघायला! रोज जेवण झालं की लावते. पाणी असंल तर येईलच ना वर! थेंब येत नाय, नुसती हवा येते, अन् मी बंद करून टेकते न टेकते तोच तुझा फोन, 'पाणी आलं, पाणी आलं!' लई खोटारडा डबा हाय!"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, फोनवर डब्याचं एक अक्षर काढू नको, चोर टपलेत म्हणून! अन् घरी आलीस की तू त्या लक्ष्मीबाईच्या मागं! बंद करते आता मोटर. तुझ्या सरांना सांग, पोरगी शिकवली का बिघडवली! मी चालले गुलमंडीला ब्लाउजपीस आणायला."

फोन बंद झाला. मुनीब सर कपाळाला हात लावून खाली बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मोटर रिकाम्या पाइपातली हवा ओढत होती. पात्याला काय, पाणी काय आणि हवा काय, ते आपलं फिरत होतं! आई डब्याची परीक्षा घेत होती आणि परीक्षा घेतली की डबा खोटं बोलत होता.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आईंचा संशय डब्यावर, तुमचा शेजारणीवर आणि माझा तुमच्यावर. आकडे मात्र खरे निघाले. बाई, या वर्षी मी जितके प्रोजेक्ट बघितले, त्यात रोज नेमानं तपासलेला हा एकच. फक्त तपासणाऱ्यांचं नाव यात कुठंच नाही." त्यांनी पेन उचललं. "चाचणीचे पूर्ण मार्क देतो. पण ते तुमच्या आईंचे. तुम्ही काठावर पास. आणि पहिल्या पानावर 'स्वतंत्र प्रोजेक्ट' लिहिलंय, त्यातला 'स्वतंत्र' हा शब्द खोडून आणा."

पास! मी खुर्चीतून उठतेय तोच मोबाईल पुन्हा वाजला. "पाणी आलं!"

"परत आई?" परीक्षकांनी विचारलं.

"आईच, सर!" मी हसून म्हटलं आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. तो वाजत राहिला. मी पेढे घेतले, शिवराजलाही एक दिला आणि मजेत घरी निघाले.

गल्लीत शिरले तर चपला भिजल्या. रस्ताभर पाण्याचे ओघळ! साहेबराव काका अंगण धूत होते. ज्याच्या त्याच्या दारात ड्रम काठोकाठ. आणि आमच्या फाटकात आई उभी, हातात ब्लाउजपीसची पिशवी, पाठीमागं कोरडा ठणठणीत ड्रम, आणि खड्ड्यात तो डबा लाल डोळा मिचकावत होता.

"आलं होतं," आई म्हणाली. "अन् गेलं."

मी पेढ्याचा बॉक्स पुढं केला. आईनं माझ्या हातात हंडा दिला आणि भिंतीपलीकडं बोट दाखवलं. "तूच जा. मला तोंड नाय."

तोंड मलाही नव्हतं! पण गेले. लक्ष्मीकाकूंनी दार उघडलं, हंड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "काकू, चुकले मी. मोटर आमचीच होती."

काकू हंडा घेऊन आत गेल्या, बादलीनं भरून आणला, माझ्या कमरेवर ठेवला. आणि मग म्हणाल्या, "घे. आणखी लागलं तर ये. पण आधी पलंगाखाली बघून घेतेस का? सिलिंडर तिथंच हाय."

तर ज्युनिअर मंडळी, माझा सल्ला एवढाच, की मुनीब सरांचं ऐका. आता पाणी आल्याचा मेसेज लक्ष्मीकाकूंच्या मोबाईलवरही जातो. भरपाई म्हणून मीच ती सोय करून दिलीय. फक्त तेव्हापासून आई रोज रात्री मला हळूच विचारते, "काय गं, तिला आधी तर कळत नाय ना?"

आणि खरं सांगू? मीही एकदा तपासून बघितलं.