पातेल्याची पद्धत

नाताळची घंटा दुकानातून न आणता घरीच करायची, एवढंच मी ठरवलं होतं. ठरवताना मी सोफ्यावर आडवा होतो, आणि आडव्या माणसाला जगातलं कुठलंही काम सोपंच वाटतं. उभा असतो तर कदाचित वेगळं ठरवलं असतं.

निमित्त झालं आमच्या मुलीचं. वय वर्षं पाच. खरं नाव चांगलं आहे, पण घरात तिला भुंगा म्हणतात. (नाव मीच ठेवलं. डोक्याला भुंगा लागणं म्हणजे काय, हे मला ती बोलायला लागल्यावर कळलं.) त्या रविवारी भुंगा माझ्या पोटावर बसून म्हणाली, "बाबा, शुक्रवारी शाळेत सगळ्यांनी सांगायचंय, नाताळला आपल्या घरी काय पद्धत असते ते. आपली काय पद्धत आहे?"

मी विचार केला. नाताळला आमच्याकडे दुकानातून झाड येतं, दुकानातून केक येतो आणि मी झोपतो. वर्गात उभं राहून सांगावं असं ह्यात काही नव्हतं.

"आपण सजावट घरी बनवतो," मी म्हणालो.

"काय बनवतो?"

"घंटा."

"कधी बनवली?"

"आत्ता बनवणार आहोत. ऊठ पोटावरून."

वास्तविक माझा आणि हस्तकलेचा संबंध शाळेतच संपला होता. मी एका कुलपांच्या कारखान्यात तक्रार विभागात कारकून आहे. माझं काम बोलण्याचं. कुलूप उघडत नाही म्हणून माणूस चिडून फोन करतो, आणि मी शांतपणे सांगतो, "साहेब, नवीन कुलूप असंच असतं. सुरुवातीला जरा अडतं. तो बिघाड नाही, ती त्याची पद्धत आहे." माणूस थँक्यू म्हणून फोन ठेवतो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे ते वाक्य माझ्या जिभेवर तयारच असतं. पुढचं सगळं रामायण त्या जिभेनेच घडवलं.

बायको औषधांच्या दुकानात काम करते आणि त्या सकाळी तिची ड्यूटी होती, म्हणजे स्वयंपाकघर आम्हाला मोकळं. मी मैद्याची खळ शिजवली. पहिली खळ तळाला लागली, दुसरी बरी झाली. रद्दीच्या लांब लांब पट्ट्या फाडल्या. साचा म्हणून मधलं पातेलं घेतलं, कारण पातेलं पालथं घातलं की ते थेट घंटेसारखंच दिसतं. त्यावर पट्ट्या चिकटवायच्या, वाळल्या की कागदाची घंटा अलगद सोडवायची, रंग द्यायचा, झालं.

पण पालथं पातेलं ओट्यावर गोल फिरायला लागलं. मी धरावं तर पट्ट्या भिजवायला हात उरेना. भुंग्याने धरावं तर तिला प्रश्न विचारताना दोन्ही हात लागतात. तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी जमिनीवर मांडी घालून बसलो आणि पातेलं डोक्यात घातलं. ते कपाळापर्यंत गच्च बसलं आणि आम्हा दोघांचे चारही हात मोकळे झाले. अशी युक्ती ऑफिसात सुचली असती तर मला बढती मिळाली असती, असं तेव्हा वाटून गेलं.

मी पट्ट्या खळीत बुडवून वर देत होतो, भुंगा लावत होती. मला वरचं काही दिसत नव्हतं. पातेलं संपलं की ती थांबेल अशी माझी समजूत होती. पण पातेलं कुठे संपतं आणि बाबा कुठे सुरू होतो, ह्याची तिला फिकीर नव्हती. पट्ट्या काठावरून कपाळावर आल्या, भुवयांवर आल्या, कानांमागून केसांत शिरल्या. गार गार वाटत होतं म्हणून मीही काही बोललो नाही. वर लवकर वाळावं म्हणून बायकोचा हेअर ड्रायर सगळीकडून नीट फिरवून घेतला. (हे शहाणपण माझं स्वतःचं. भुंग्याला दोष नाही.)

मग मी पातेलं काढायला गेलो, तर पातेल्याबरोबर कपाळही निघायला लागलं.

"बाबा, काढ ना."

"काढतो."

"काढ."

"काढतोय!"

"अडकलं?"

इथे मी सरळ 'हो' म्हणायला हवं होतं. पण ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, आणि बाबाला सगळं येतं असं तिचं मत आहे. (घरात हे मत तिचं एकटीचंच असल्यामुळे मी ते फार जपतो.) जिभेने आपलं काम केलं.

"अडकलं नाही. असंच असतं. नाताळला डोक्यात पातेलं घालून बसायचं, ही आपल्या घरची पद्धत आहे."

भुंग्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली. तिच्या बाबतीत हे लक्षण चांगलं नसतं.

"आई पण घालते?"

"घालते."

"आजी?"

"दोन्ही आज्या. दोन्ही आजोबा."

"मागच्या वर्षी कुणीच घातलं नव्हतं."

"तू झोपली होतीस."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली आणि बायको आत आली. तिने पर्स ठेवली, ओट्यावरची खळ पाहिली, जमिनीवरची रद्दी पाहिली आणि शेवटी मला पाहिलं.

"आई, ही आपल्या घरची पद्धत आहे. तू पण घालतेस. बाबा म्हणाला."

मी बायकोकडे पाहून डोळ्यांनी विनवणी केली. (भुवया चिकटलेल्या असल्यामुळे ती अर्धवटच पोचली असणार.) बायको म्हणाली, "हो गं, विसरलेच होते मी," आणि कोमट पाणी आणि कात्री घेऊन आली. माझ्या डाव्या कानाच्या वर तेव्हापासून एक मोकळं मैदान आहे. सोमवारी साहेबांनी विचारलं, हे काय झालं, तर मी म्हणालो, असंच असतं.

इथे प्रकरण मिटलं असतं. पण भुंग्याला दोन्ही आज्यांना फोन लावता येतात.

पहिला फोन मला आईचा आला. "अरे, ते पातेल्याचं सुनेच्या माहेरचं आहे का? आधी सांगायचं नाही का! लग्नाला इतकी वर्षं झाली, काय म्हणतील ते? माझ्याकडचं मोठं आणते, तुझ्या बाबांचं डोकं मोठं आहे."

भुंगा माझ्या मांडीवर बसून कान देऊन ऐकत होती. मी म्हणालो, "आण."

मागोमाग सासूबाई. "जावईबापू, एक विचारू? तुमच्याकडे झाकणासकट घालतात की झाकणाशिवाय? नाही म्हणजे, आमच्याकडून काही कमी-जास्त व्हायला नको."

"झाकणाशिवाय," मी म्हणालो. भुंगा मांडीवरच होती.

खरं सांगतो, आज्यांचं मला काही वाटत नव्हतं. मला धास्ती होती शुक्रवारची. माझी पोर वर्गात उभी राहणार, आमच्या घरी पातेली घालतात म्हणून सांगणार, सगळा वर्ग फिदीफिदी हसणार, आणि घरी येऊन ती म्हणणार, बाबा, तू खोटं बोललास. गुरुवारी मी हळूच म्हणालो, "भुंग्या, उद्या झाडाबद्दल सांग हं. झाड छान असतं."

"झाड सगळ्यांकडे असतं. मी आपली खरी पद्धत सांगणार."

शुक्रवारी हाफ डे टाकून मी शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. भुंगा हसत आली. तिच्यामागून तिच्या बाई आल्या, त्याही हसत. मला बघून तर त्यांनी तोंडावर रुमालच धरला.

"अहो, काय पद्धत आहे तुमच्या घरची! वर्ग हसून हसून बेजार."

मी मान खाली घातली.

"पण खरं सांगू?" बाई जवळ येऊन म्हणाल्या, "आमच्याही घरी हीच पद्धत आहे. आमच्या मिस्टरांची. लोक सांगत नाहीत एवढंच."

मी वर बघितलं. "तुमचे मिस्टर? नाताळला?"

"नाताळला कसलं, रोज!"

"रोज? ऑफिसला जातानाही?"

"घाईत तर हमखास. सासरेही तसेच होते. रक्तातच असतं हो."

मी घरापर्यंत चालत आलो तो माझ्याच नादात. म्हणजे मी मारलेली थाप खरी निघाली होती की काय? जगात अशी माणसं आहेत? रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यांकडे मी निरखून बघायला लागलो. एकाने मला विचारलं, काय पाहिजे.

नाताळच्या दुपारी दोन्ही घरची मंडळी पिशव्या खडखडवत आली. सासऱ्यांनी दांड्याचं सॉसपॅन आणलं होतं आणि दांडा मागे ठेवायचा की पुढे, हे मला कानात विचारलं. माझ्या बाबांनी ऐन वेळी गरम होतं म्हणून चाळणी घातली. आई आणि सासूबाई दोघींनी घासून लख्ख केलेली पातेली घातली होती आणि एकमेकींच्या पातेल्याचं कौतुक चाललं होतं. बायकोने दुधाचं छोटं पातेलं तिरकं घातलं. मी अर्थात मधलं. सगळे अगदी ताठ बसून सूप प्यायले, कारण वाकलं की पातेलं नाकावर येत होतं.

केक कापताना आई म्हणाली, "विहीणबाई, तुमच्याकडची ही पद्धत फार छान आहे हो."

"आमच्याकडची?" सासूबाईंचा चमचा थांबला. "तुमच्याकडची ना?"

चार पातेली हळूहळू माझ्याकडे वळली. (त्यातली एक चाळणी.) मी घसा साफ केला. पण बाबांना विहीणबाईंसमोर आमच्या घराला काही ठाऊक नाही असं दिसणं सहन होत नाही.

"तशी आमच्याकडे होती म्हणा," ते चाळणी सावरत म्हणाले. "जुनी आहे. माझे आजोबा घालायचे."

"असं?" सासरे म्हणाले. "आमच्याकडे पणजोबा."

"आमच्याकडे पितळी असायचं."

"आमच्याकडे तांब्याचं. आणि दांडा पुढे!"

आवाज चढायला लागले. आता मात्र मला राहवेना. मी उभा राहिलो. "अहो, ऐका. ही कुणाकडचीच पद्धत नाही. ती मी सुरू केली. घंटा करताना पातेलं माझ्या डोक्याला चिकटलं म्हणून!"

"तू गप बस रे," आई म्हणाली. "मोठी माणसं बोलताहेत."

"जावईबापू," सासूबाई समजुतीने म्हणाल्या, "तुम्ही सुरू केलेली गोष्ट आजवर ह्या घरात कुणी पाळलीय का?"

ह्यावर दोन्ही घरांचं प्रथमच एकमत झालं आणि केक पुढे सरकला.

भुंगा झाडाखाली बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो, पातेलं काढून मांडीवर घेतलं. एवढ्या लोकांत कुणाला पटो न पटो, तिला तरी खरं सांगायलाच हवं होतं.

"भुंग्या, बाबा खोटं बोलला. तशी पद्धतबिद्धत काही नाही. पातेलं अडकलंच होतं."

"माहितीये मला," भुंगा केक खात म्हणाली. "मीच चिकटवलं होतं ना."

"अगं, मग शाळेत पातेल्याचं कशाला सांगितलंस?"

"पातेल्याचं कुठे सांगितलं? मी आपली खरी पद्धत सांगितली. बाबाचं काही बिघडलं की बाबा म्हणतो, असंच असतं. मग आपण सगळ्यांनी म्हणायचं, हो बाबा."

"सगळ्यांनी म्हणजे कुणी?"

"मी आणि आईने. आईनेच शिकवलं मला." तिने बोटावरचं क्रीम चाटलं आणि पातेलं पुन्हा माझ्या डोक्यात घातलं. "पण बाबाला कळू द्यायचं नाही, असं आई म्हणाली. आता तिला सांगू नकोस हं, तुला कळलंय म्हणून."

"हो भुंग्या," मी म्हणालो.