आजीच्या बाकावरची ओळ

आजीच्या बाकावरच्या पाटीवर काय कोरायचं, यावर घरात आठवडाभर खल चालला होता, आणि पाटी तर जेमतेम हातभर लांब होती.

बाक आजीच्या आठवणीसाठी बागेच्या वळणावर बसवायचा होता. आजी संध्याकाळी तिथेच उभी राहायची. घरातलं शेवटचं माणूस परत आल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा तिचा नेम. नेम देवाशी केलेला, त्यामुळे त्यात सूट मागायची सोय नव्हती. कचेरीत उशीर झाला की मुलगा फोनवर सांगे, "आई, तू जेवून घे. मी जिन्यातच आहे." आजी शांतपणे विचारी, "मग जिन्यात एवढी माणसं कशाला जमलीत?" आणि जपमाळ घेऊन वळणावर जाऊन उभी राही. वाट बघणं आणि जप करणं ही तिच्या लेखी वेगळी कामं नव्हती.

मुलाने मजकूर तयार केला होता. 'धर्मपरायण, कुटुंबवत्सल, पूजनीय मातोश्री.'

"अहो, हे आईंनी वाचलं असतं तर विचारलं असतं, या कोण बाई म्हणून," सून म्हणाली.

"नुसतं 'आजी' लिहा ना," नात म्हणाली. "सगळी गल्ली तिला आजीच म्हणायची."

"आणि खाली?"

"खाली सुचेल काहीतरी."

सुचायच्या आधी पाटीवाल्याचा फोन आला. सकाळची गडबड, मुलाच्या गालांना दाढीचा साबण. त्याने फोन स्पीकरवर टाकून आरशाखाली ठेवला.

"साहेब, मशीन लावून बसलोय. मजकूर सांगा."

"वरच्या ओळीत 'आजी'," मुलगा म्हणाला आणि दाराकडे मान वळवून त्याने आवाज दिला, "अगं, खालच्या ओळीचं काय ठरलं?"

सुनेच्या पायात चपला होत्या, खांद्याला पिशवी होती. नवरा काहीतरी विचारतो आहे, एवढंच तिला नळाच्या आवाजात कळलं. "येते हं," ती मोठ्याने म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

"वा, सुटसुटीत आहे," पाटीवाला म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मुलाने मान परत वळवली तोवर फोन बंद झाला होता. त्याला वाटलं, लाइन तुटली. ओळ हिला सुचली असेल तर हीच सांगेल त्याला. तिला वाटलं, यांनीच सांगितली असेल. काम झाल्याचा निरोप आला तेव्हा दोघांनी मनातल्या मनात एकमेकांचं कौतुक केलं. संसार बराच काळ सुखाचा झाला की माणसं विचारायचं सोडून देतात.

रविवारी आजीची थोरली बहीण, म्हणजे मुलाची मावशी, मुद्दाम प्रवास करून आली. तिला बाक बघायचा होता. मुलाने स्वतः कापड बाजूला केलं. पांढऱ्या दगडावर सुरेख अक्षरं होती.

आजी
येते हं

मावशीने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"कुठून येते?" तिने विचारलं.

मुलाने तिथूनच पाटीवाल्याला फोन लावला. "हे काय कोरलंत तुम्ही?"

"बाईंनी सांगितलं तेच, साहेब. मीही जरा विचारात पडलो. पण गिऱ्हाईकाच्या श्रद्धेत आपण पडत नाही."

सुनेने पदर तोंडाला लावला. रडते आहे की हसते आहे, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पाटीवाला भला माणूस. गुरुवारी येऊन दगड उलटा करतो आणि मागच्या बाजूला हवं ते कोरतो, असं त्याने कबूल केलं.

"चूक झाली, मावशी," मुलगा म्हणाला. मग बाकाच्या कडेला टेकून हळूच म्हणाला, "गंमत बघ. आम्ही कोणी 'जातो' म्हटलं तर ती फाटकातून परत बोलवायची. 'येतो म्हण, मग जा.' आणि स्वतः मात्र तशीच गेली. एका शब्दाने बोलली नाही."

"जप चालला होता ना तिचा?"

"हो. माळ हातातच होती."

"जप अर्धा टाकून बोलायची नाही ती," मावशी म्हणाली. "लहानपणी घरात साप निघाला तेव्हासुद्धा बोलली नव्हती. आम्हीच बोललो सगळं."

मुलगा हसला, पण त्या दिवशी तो नीट जेवला नाही.

गुरुवारी कचेरीतून परस्पर तो बागेत गेला. पाटीवाला छिन्नी, पाना घेऊन झाडाखाली थांबला होता. बाकावर माणसं बसली होती. दोन म्हातारे आणि लोकरीचं विणकाम घेतलेली एक बाई, तिघं एका टोकाला दाटीवाटीने. दुसरं टोक मोकळं. म्हाताऱ्यांपैकी एक तर अर्धा हवेतच होता. यांना उठवायचं कसं, याचा विचार करत मुलगा मोकळ्या जागेवर टेकला.

"तिथे नका बसू, भाऊ," विणणारी बाई म्हणाली. "जागा धरलेली आहे."

"कोणी?"

बाईने सुईने पाटीकडे खूण केली. "आजींनी. येते म्हणून सांगून गेल्यात."

"आम्ही रोज सोडतो," हवेतले म्हातारे म्हणाले. "अजून गाठ नाही पडली. पण एवढं लिहून ठेवलंय म्हणजे बाई शब्दाची पक्की असणार."

मुलगा उठून उभा राहिला. त्याने रुमालाने ती जागा पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत.

पाटीवाला जवळ आला. "साहेब, यांना उठवू का? उजेड आहे तोवर दगड काढलेला बरा."

"थांबा जरा," मुलगा म्हणाला आणि वळणाच्या रस्त्याकडे बघत बाकाशेजारी उभा राहिला. "येते म्हणालीय."