पिंपाची पूजा

एका जंगलात वेल्डिंगचं दुकान होतं. हसू नका मुलांनो. ज्या जंगलात सगळ्यांनाच मोकळं फिरायचं असतं, तिथे फाटकं फार लागतात.

दुकान दोन मुंगूस भावांचं. थोरला येसबा, धाकटा बिरू. येसबा सातवीपर्यंत शिकला होता. बिरू तिसरीत असताना मास्तरांना चावला आणि त्याचं शिक्षण पूर्ण झालं. अक्कल त्याला पुष्कळ होती. वापरून झिजू नये म्हणून तो ती जपून ठेवी.

दुकानाच्या कोपऱ्यात, लाकडी फळ्यांवर, कार्बाइडचं पिंप असे. कार्बाइड म्हणजे राखाडी खडे. ते टाकीत घालून बेताने पाणी सोडलं की गॅस निघतो. तो पेटवला की लोखंड लोण्यासारखं कापलं जातं. पण पिंपातच पाणी शिरलं, तर गॅस कुणाची वाट बघत नाही. जवळ ठिणगी असली की कारभार आटोपला.

येसबा हे रोज सांगे.

"बिऱ्या, हात पुसलेस?"

"पुसले."

"शेपटी?"

"शेपटीनं कोण काम करतं, दादा?"

"ओली आहे ती. बाहेर जाऊन वाळवून ये. आणि झाकण पितळी छिन्नीनंच उघडायचं. लोखंडानं ठिणगी उडते."

"आणि आग लागली तर पाणी."

"पाणी नाही रे. कोरडी वाळू. किती वेळा सांगू?"

"सकाळपासून ही चौथी."

बिरूला वाटे, हे पिंप आहे की घरात येऊन बसलेली सासू?

मग दसरा आला. ऐरण, घण, सांडशी, सगळी हत्यारं पुसून मांडली. सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. पिंपाला मात्र येसबानं काहीच वाहिलं नाही. "त्याला लांबूनच नमस्कार," म्हणाला आणि आपट्याची पानं आणायला गेला.

पूजेला आलेले बगळेभट एका पायावर उभे होते. त्यांनी पिंपाकडे मान वळवली.

"हे कोण?"

"कार्बाइड आहे, काका."

"दुकान कुणाच्या जिवावर चालतं?"

"याच्याच."

"आणि यालाच उपाशी ठेवलंत. ठेवा बापडे. मला काय, मी दक्षिणा घेऊन उडून जाईन."

बिरूला पिंपाची दया आली. दादा सगळं वाचतो, पण त्याला माया कळत नाही, असं त्याला वाटलं. बंद झाकणातून पूजा आत कशी पोचणार, म्हणून त्यानं झाकण काढलं. पितळी छिन्नीनंच काढलं, कारण तो सांगितलेलं ऐकणारा होता. समोर निरांजन ठेवलं आणि पिंपाच्या काठावर नारळ फोडला.

नारळ चांगला निघाला. पाणी भरपूर होतं.

आतून सूंऽ असा आवाज आला.

"प्रसन्न झाले," असं म्हणून बगळेभट उडाले.

तेवढ्यात येसबा दारात आला. त्याच्या नाकाला गॅसचा लसणासारखा वास लागला. त्यानं बिरूला मानगुटीला धरून दाराबाहेर भिरकावलं आणि निरांजन विझवायला आत वळला.

एक पाऊल कमी पडलं. धडाड्दिशी भडका उडाला.

धूर निघू लागला तसा शेजारचा हत्ती तुळाप्पा धावत आला. धुरातून येसबाचा आवाज आला, "बिऱ्या, वाळू."

वाळूची बादली बिरूच्या पायाशीच होती. त्यानं ती उचललीसुद्धा. पण जिवंत भावावर माती लोटायची, तीही सणाच्या दिवशी? बिरूच्यानं ते होईना. त्यानं बादली खाली ठेवली आणि जीव तोडून सांगितलं, "तुळाप्पा, पाणी मारा."

तुळाप्पा मनाचा मोठा. त्याची सोंडही मोठी. खडे अजून पुष्कळ शिल्लक होते.

या वेळी छप्पर नदीपलीकडे जाऊन पडलं.

तेराव्यानंतर वाघमहाराजांनी चौकशी बसवली. चौकशीत कोल्हा होता, कारण चौकशीत तो असतोच.

"तुझ्या भावानं धोक्याची कल्पना दिली होती?"

"दिली होती," बिरू म्हणाला.

"किती वेळा?"

"रोज. दिवसातून चार-पाच वेळा."

कोल्ह्यानं मान हलवली. "मग चूक त्याचीच. इतक्यांदा सांगितलेलं कोण ऐकतं? एकदाच सांगायला हवं होतं."

बिरूला निर्दोष सोडलं. वर अनुभवी म्हणून जंगलातल्या सगळ्या पिंपांवर देखरेखीला नेमलं. सभेत टाळ्या झाल्या. बिरूनं सवयीनं शेजारी पाहिलं, दादा काय म्हणतो म्हणून. शेजारी तुळाप्पा उभा होता. त्यानं मान खाली घातली.

तात्पर्य : मुलांनो, थोरल्या भावाचं कधी ऐकू नये. ऐकलं तर तो म्हातारा होईपर्यंत जगतो आणि रोज तेच तेच सांगून डोकं खातो. एकदा जरी ऐकलं नाही, तर जन्मभर कुणी काही सांगत नाही.