काचेतली बांधी

गोंदियाकडच्या गोरेगावच्या शिवारात आपल्या तळ्याखालच्या बांधीसारखी, म्हणजे धानाच्या तुकड्यासारखी माती कुठेच नाही, हे मनिराम स्वतःच सगळ्यांना सांगत असे. "नुसती काठी रोवा, पालवी फुटते!" ऐकणारे मुकाट मान डोलवायचे. नाही डोलवली, तर तो घरी जाऊन ढेकूळ घेऊन यायचा!

त्यामुळे सासऱ्यांनी काचेची पेटी आणली, तेव्हा तिच्या तळाला काय घालायचं हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

सासरे हिरालालजी गोंदियाचे, रेल्वेतले बाबू. माशांचा त्यांना भारी नाद, आणि लेक सुलोचना त्यांच्या पेटीसमोर बसूनच वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाडात ते खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, तणसाच्या पेंढ्यांवर ठेवून एक लहान पेटी घेऊन आले. सोबत हंडीत दोन लाल मासे आणि ओल्या फडक्यात पाण्यातली रोपं.

"देखो जावईबापू," ते म्हणाले, "तळाला नाल्याची वाळू, चांगली धुतलेली. दुसरं काही नाही! मी दिवाळीला येतो. मासे खुश दिसले, तर समजेन पोरगीही इथं खुश आहे. नाहीतर थंडीभर घेऊन जातो तिला!"

थंडीभर! सुलोचना येण्याआधी या घरात आपण कसे राहत होतो, हेच मनिरामला आताशा आठवत नव्हतं. म्हणजे काम पक्कं करायला हवं.

सासऱ्यांचं खाचर वळणाआड गेलं आणि मनिराम घमेलं घेऊन बांधीकडे पळाला.

"बाबानं वाळू सांगतली ना जी!" सुलोचना म्हणाली.

"वाळूत काय उगवते? तुह्या बाबाले शेतीतलं काय समजते!"

"अजी, पेटी होय हे, बांधी नोहे!"

"झाड तं झाडच ना!"

त्याने माती ओतली, वर शेणखत घातलं, पाणी सोडलं आणि कोपरापर्यंत हात घालून चिखलणी केली. मग जीभ बाहेर काढून, ओळ धरून रोपांची रोवणी केली. शेवटी मासे सोडले!

सकाळी पेटीत काळा काढा. मासे दिसेनात.

"लाजून राहिले असतीन," मनिराम म्हणाला.

"मरून राहिले जी ते!" सुलोचनाने चाळणी घातली, वर तोंड काढून धापा टाकणारे मासे आणि उन्मळलेली रोपं उचलली आणि स्वयंपाकघरात गेली.

"गाळ बसू दे, मंग सोडू!" मनिराम मागून ओरडला.

गाळ बसेना. बांधीत पाणी जास्त झालं की धुरा, म्हणजे कडेचा बांध, फोडावा, एवढं मनिरामला पक्कं ठाऊक होतं. काच फोडता येईना, म्हणून त्याने तांब्याने पाणी उपसलं. आणि काय सांगावं! थोड्याच दिवसांत चिखलातून हिरवे कोंब वर आले. मातीत पडून राहिलेलं धान उगवलं होतं!

मनिराम हरखलाच. खिडकीत, काचेत, धान! गावात असं कोणाकडे होतं? त्याने पेटीभोवती काट्यांचं कुंपण केलं, कोंबड्या हाकलल्या, शेतात जायच्या आधी पेटीतलं तण काढू लागला. शेजारच्या बकारामला तर त्याने धान पाहायला रोज बोलावलं. शेवटी बकाराम मागच्या गल्लीने ये-जा करू लागला!

दिवाळीला हिरालालजी आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "मासे दाखवा."

मासे! मनिरामचा चेहरा पिठासारखा झाला. माशांची त्याला शुद्धच नव्हती. आता सुलोचना जाणार, थंडीभर!

"मासे... हे पाहा ना जी, लोंब्या कशा हायेत!"

"मासे कहाँ हैं?"

सुलोचना आत गेली आणि पितळेचं घंगाळ उचलून घेऊन आली. तळाला धुतलेली वाळू, वर हिरवी रोपं, आणि मधे ते दोन लाल मासे, चांगले गलेलठ्ठ!

हिरालालजींनी घंगाळ पाहिलं. मग पेटी पाहिली. मग बराच वेळ जावई पाहिला.

"पोरगी इथंच राहू दे," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला सांभाळायला कोणीतरी पाहिजेच!"

मनिरामला एवढा आनंद झाला की पुढचं वाक्य त्याने ऐकलंच नाही. "पण धान? धान कसं हाय, ते तं सांगा!"

हिरालालजींनी एक दाणा तोडला, दाताखाली धरला आणि थुंकला.

"पोचट."

दुसऱ्या दिवशी मनिराम घमेलं घेऊन नाल्यावर दिसला. बकारामने विचारलं, "काऊन गा, वाळू कायले?"

"ओट्यासाठी!" मनिराम म्हणाला, आणि वाळू धुवायला खाली बसला.